आत्याचे बंद भाव

माझी आत्या घरात कुजबुजली तरी शेजारी उत्तर देतात. लहानपणी तिने मला कधी हात लावला नाही. नुसती नावाने हाक मारली की मी कपाटामागून आपोआप बाहेर यायचो, आणि माझ्याबरोबर कधीकधी मांजरही. एवढा आवाज एका घरात मावेना, म्हणून तिला छोट्या रेडिओ केंद्रावर नोकरी लागली. चपलांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या म्हणजे हे केंद्र. गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी सहा वाजता आत्या तिथून 'बंद भाव' वाचते.

शेअर बाजार दिवसाअखेर मिटतो त्या क्षणी कुठल्या कंपनीचा भाव किती होता, याची यादी म्हणजे बंद भाव. चाळीस कंपन्या, चाळीस आकडे, आणि आकड्यापुढे 'वर' किंवा 'खाली'. यात ऐकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने जन्मात एक शेअर घेतलेला नाही, आणि तरीही आत्या पोलाद कंपन्यांपाशी आली की तो वस्तरा हवेत धरून थांबतो. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन तसंच बसून राहतं. कारण आत्या 'वर' म्हणते ते ऐकणाऱ्याच्या घरी बारसं असल्यासारखं, आणि 'खाली' म्हणते ते खांद्यावर हात ठेवून. तिच्या तोंडून नुकसान ऐकलेला माणूस रात्री दोन घास जास्त जेवतो, अशी ख्याती आहे.

घरीही तोच थाट. "अहो, साखर कालच्या पातळीवर स्थिर, दूध थोडं खाली, तुमचा आवाज मात्र विनाकारण वर!" हे ज्यांना उद्देशून, ते माझे आतोबा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. छत्र्या बनवणाऱ्या एका कंपनीचे मूठभर शेअर त्यांच्याकडे आहेत आणि तेवढ्या बळावर ते स्वतःला उद्योगपतींत मोजतात.

आत्याला हे भाव पुरवायचा एका दलालाच्या कचेरीतला कारकून. रोज साडेपाचला त्याचा फोन यायचा, "ताई, घ्या लिहून." तो सांगायचा, ही लिहायची. मग एक दिवस तो निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाने, "आम्ही फोनवर भाव सांगत नाही," एवढं सांगून फोन ठेवला.

आत्या डगमगणारी नव्हे. तिने मोबाइलवर एक वेबसाइट उघडली आणि एक-एक कंपनी शोधून हाताने आकडे उतरवायला घेतले. दोन-चार दिवस नाकी नऊ आले, पण रेटलं. पाचव्या दिवशी यादी अर्धीच झाली आणि सहा वाजले. उरलेली कागदाविना, थेट मोबाइलवरून वाचू, असं म्हणून ती माइकसमोर बसली. बोट सरकवता सरकवता मध्ये एक जाहिरात उगवली, आणि आत्याने त्याच घरंदाज आवाजात साऱ्या पंचक्रोशीला सांगितलं, "मऊ गादी, एकशे नव्व्याण्णव. खाली."

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. दोघांनी गादी कंपनीचा पत्ता विचारला. एकाला तिचे शेअर हवे होते.

केंद्राचे साहेब स्वभावाने गरीब. त्यांना ओरडायचं असलं तरी आधी परवानगी घेतात.

"ताई, एक बोलू का?"

"बोला की."

"सोमवारपासून सहा वाजता आपण गाणी लावू या. लोक फोन करतील, आपण त्यांच्या आवडीचं गाणं लावू."

"म्हणजे मला बंद करताय?"

"तुम्हाला नाही हो, भावांना!"

"ते आधीच बंद असतात, साहेब. त्यांना आणखी किती बंद करणार?"

साहेब हसले आणि हसल्यामुळे फसले. माणूस एकदा हसला की त्याला नाही म्हणता येत नाही, हे आत्याला चांगलं ठाऊक आहे. सोमवारी संध्याकाळी भाव हाताने न उतरवता, थेट, बिनचूक संगणकात आले तर 'बंद भाव' राहील. नाही आले तर गाणी. एवढं कबूल करून घेऊनच ती उठली. आता ते कसे येणार, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ध्वनितंत्रज्ञाला. हा साऱ्या केंद्रातला बोलण्याच्या बाबतीत एकमेव काटकसरी माणूस. त्याला सगळे मौनी म्हणतात. आत्याने त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं तेव्हा तो तारा गुंडाळत होता. तारा गुंडाळून झाल्यावर तो म्हणाला, "एपीआय."

"अरे, ते काय असतं ते सांग ना मेल्या!"

मौनीने उसासा टाकला. "तुम्ही त्या कारकुनाला काय म्हणायचात?"

"म्हणायचे, भाऊ, आजचे सांगा."

"तेच इथे. पत्ता टाइप करायचा. त्या पत्त्यातच कंपनीचं नाव, तारीख आणि आपली किल्ली, म्हणजे परवलीची आकडे-अक्षरं. ती झाली विनंती. पलीकडचा संगणक उत्तर पाठवतो."

"आधी नमस्कार वगैरे?"

"नको."

"उद्धटच आहे म्हणायचा."

हे मौनीच्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण. संपल्यावर तो पाणी प्यायला गेला.

भाव पुरवणाऱ्या एका सेवेत केंद्राच्या नावाने फुकटातलं खातं काढलं. त्या सेवेचं लांबलचक माहितीपत्रक आत्याने छापून घरी आणलं आणि ओट्यापाशी उभं राहून वाचलं. मोठ्याने. तिला मनात वाचता येत नाही. डोळ्यांनी वाचलेलं तिच्या डोक्यात टिकत नाही, पण एकदा तोंडाने म्हटलं की ते दगडावरची रेघ. म्हणून विजेचं बिलही ती बातम्यांसारखं वाचते. त्या संध्याकाळी तिने कलम अन् कलम वाचलं, त्यात "किल्ली गुप्त ठेवावी" हेही, आणि लगेच पुढे, अक्षर न् अक्षर सुटं करून, ती किल्लीही.

भिंतीपलीकडून शेजारीणबाईंचा आवाज आला, "ताई, शेवटचा आकडा सात की आठ?"

दुसऱ्या दिवशी नवी किल्ली घ्यावी लागली.

पण पहिलं उत्तर आलं तेव्हाचा आत्याचा चेहरा मी विसरणार नाही. सगळीकडे कंसच कंस, आणि त्या कंसांच्या गर्दीत छत्री कंपनीचे चार आकडे. उघडला किती, सर्वांत वर किती, सर्वांत खाली किती, बंद झाला किती.

"अरे, ही तर जन्मपत्रिका आहे!" ती ओरडली. "उठला किती वाजता, चढला किती, पडला किती, निजला कसा! त्या कारकुनाने मला इतकी वर्षं नुसतं निजणंच सांगितलं!"

मौनीने प्रोग्रॅम लिहिला. आत्याने अट घातली की चाळीस कंपन्यांना तिच्या यादीच्या क्रमाने, एकेकीला वेगळं विचारायचं. "घाऊक हाक मारलेली कुणाला आवडत नाही. दारोदार जाऊनच विचारावं." मौनीने मान डोलावली. प्रोग्रॅम खरोखरच दारोदार गेला आणि चाळीस भाव घेऊन परतला. एवढंच कळलं की त्या दिवसाचे अंतिम भाव सहाच्या आत-बाहेर येतात. गुरुवारी दहा मिनिटं आधी आले, शुक्रवारी अगदी टेकता टेकता. त्याआधी विचारलं तर नुसते रिकामे कंस. रविवारी आत्याने हौसेने विचारून पाहिलं तेव्हाही रिकामे कंसच आले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मौनी, मोडलं रे!" तिने फोन केला.

"रविवार," मौनी म्हणाला आणि फोन ठेवला.

आता आत्याच्या धर्माविषयी सांगायला हवं. तिचा धर्म म्हणजे तालीम. "तालमीशिवाय लाल दिवा नाही," म्हणजे तालमीशिवाय प्रसारण नाही, हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. ती खोकते तेसुद्धा एकदा माइक बंद ठेवून आणि मग खरं. तेव्हा सोमवारी तालीम होणार हे उघड होतं. दुपारी शुक्रवारचे भाव मागवून एक पूर्ण तालीम झाली. श्रोता म्हणून मला बोलावलं होतं. मी म्हटलं, छान झालं. ती म्हणाली, "तू काहीही ऐकलं की छान म्हणतोस. साहेबांना बोलवा." साहेबांसाठी दुसरी तालीम झाली. साहेब खूश, पण काळजी म्हणून त्यांनी गाण्यांची एक सीडी खिशात ठेवलीच. मग चहा आला. आम्ही चहाला बाहेर गेलो. बायकोचा पराक्रम बघायला आलेले आतोबा खुर्चीत एकटे राहिले.

परतलो, आणि मौनी आपणहून बोलला. कुणी काही विचारलेलं नसताना. सगळे जागीच थबकले.

"ताई, शिल्लक एक."

"काय एक?"

"विनंती. फुकटात दिवसाला शंभर. दोन तालमींत ऐंशी गेल्या."

"मग वीस हव्यात ना?"

मौनीने आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी छताकडे.

"मी आपली छत्री बघत होतो," ते म्हणाले.

"किती वेळा?"

"भाव वाढेपर्यंत."

"अहो, शुक्रवारचा भाव सोमवारी कसा वाढेल?"

"म्हणून तर इतका वेळ लागला."

आत्याने त्यांच्याकडे असं काही बघितलं की शाळेत चाळीस वर्षं काढलेला तो माणूस उभा राहिला. साहेब खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. पैसे भरून विनंत्या वाढवता येत होत्या, पण त्याला मुख्य कार्यालयाची मंजुरी हवी, आणि मुख्य कार्यालय पाच वाजता घरी जातं. आतोबा पुटपुटले, "माझ्या नावाने नवं खातं काढलं तर?"

"एका केंद्राला एकच खातं. पत्रकात आहे. मी वाचलंय आणि तुम्ही ऐकलंय."

एक विनंती म्हणजे एक कंपनी. एकोणचाळीस कंपन्या तोंडावर आपटणार. साहेबांचा हात खिशाकडे गेला. "ताई, एक बोलू का? आजच्यापुरती गाणी..."

"थांबा."

आत्याने डोळे मिटले आणि ती ओट्यापाशी उभी राहिली. म्हणजे उभी होती स्टुडिओतच, पण चेहरा ओट्यापाशी होता. ओठ हलू लागले. तिने पत्रकाचं पहिलं कलम म्हटलं, दुसरं म्हटलं, किल्लीचं म्हटलं (किल्ली सोडून), आणि असं म्हणत म्हणत ती एका ओळीवर अडखळली. ती ओळ तिने पुन्हा, सावकाश, बातमीच्या आवाजात म्हटली.

"एकाच विनंतीत, दिलेल्या तारखेचे, संपूर्ण बाजाराचे बंद भाव मिळू शकतात." डोळे उघडले. "मौनी, हे आहे का?"

"आहे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, दारोदार."

साहेब टुणकन उठले. "मग दाबा! लगेच दाबा!"

"नाही."

"का?"

"आत्ता साडेपाच झालेत. अजून शिजलेलं नाही. रिकामे कंस आले तरी ती विनंती गेलीच. हंडीत एकच शीत आहे, साहेब. कच्चं असताना चाचपायचं नाही."

मौनीने तोवर प्रोग्रॅम बदलायला घेतला. आता हजारो कंपन्यांची झुंबड एकदम येणार, तीतून आत्याच्या चाळीस वेचून तिच्या क्रमाने पडद्यावर लावायच्या आणि आलेलं सगळं उत्तर आधी जपून ठेवायचं. आत्याने पत्ता स्वतः टाइप केला. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मोठ्याने म्हणत. पुन्हा म्हटली. मला म्हणायला लावली. आतोबांना म्हणायला लावली. त्यांनी ती वर्गात कविता म्हणावी तशी म्हटली.

"झालं," मौनी म्हणाला. "पण चालेल की नाही, ते चालवल्यावर कळेल."

साहेबांनी अगदी हळू विचारलं, "मग तालीम?"

आत्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं, ते निघालं.

"तालीम नाही."

आतोबांनी माझं मनगट धरलं. बातम्या वाचणारे एक गृहस्थ चष्मा विसरला म्हणून परत आले होते, ते दारातच उभे राहिले. साहेबांनी सीडी खिशातून काढून हातात धरली.

पावणेसहा. "दाबू?" असं मौनीने भुवईने विचारलं. "नाही," आत्याने मानेने सांगितलं. सहाला पाच कमी. साहेब म्हणाले, "ताई, शुक्रवारी यायला हवे होते तेव्हा आले होते ना?" आत्या म्हणाली, "शुक्रवारी टेकता टेकता आले. आज सोमवार, सोमवारी सगळेच कामाला उशिरा लागतात." सहाला एक कमी. मौनीने सहाची धून सुरू केली. आतोबा माझं मनगट सोडायला तयार नव्हते.

लाल दिवा लागला.

"नमस्कार. बंद भाव ऐकणाऱ्या सर्वांना," आत्या म्हणाली, आणि समोरचा पडदा कोरा होता. "आजचे भाव घरून निघालेत. कपडे बदलून, पायात चपला घालून, जिन्यापर्यंत आलेत. तोपर्यंत आपण आसन जरा नीट करून बसू या. ज्यांची दाढी अर्धी झाली असेल त्यांनी घाबरू नये." ती अशी निवांत बोलत होती की जणू हे सगळं लिहून दिलेलं होतं. टेबलाखाली मात्र तिच्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता. घड्याळाचा काटा सहाच्या पुढे सरकला. आणखी थोडा. आत्या पडद्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडेही नाही. ती आपल्या स्वतःच्याच आवाजाला कान देऊन बसली होती. काय ऐकू आलं कोण जाणे, पण वाक्याच्या मधोमध तिने डावा हात उचलला आणि बोट खाली केलं.

मौनीने दाबलं.

काही झालं नाही. मग आणखी काही झालं नाही. संगणकाचा पंखा घरघरू लागला, चढ चढणाऱ्या गाडीसारखा. आणि मग पडदा वरपासून खालपर्यंत भरून वाहू लागला. कंसांचा लोंढा, नावांचा लोंढा, आख्खा बाजार आमच्या चपलांच्या दुकानावरच्या खोलीत शिरला. मौनीने एक कळ दाबली, लोंढा गप्प झाला, आणि चाळीस नावं शहाण्या मुलांसारखी आत्याच्या क्रमाने रांगेत उभी राहिली.

तारीख आजची.

आतोबांच्या तोंडून बारीकसा हुंकार निघाला, तो प्रसारित झाला.

आत्याने वाचायला सुरुवात केली. असं वाचन मी तिचंही ऐकलं नव्हतं. पोलाद वर! सिमेंट वर! रंग खाली, पण कसं खाली, तर सासरहून माहेरी चार दिवस आल्यासारखं. एकही आकडा अडखळला नाही. छत्री कंपनी आली तेव्हा तिने एका क्षणाची विश्रांती घेतली, आतोबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "वर." आतोबा स्टुडिओत टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरले.

चाळीस संपल्या. नेहमी इथे धून वाजते. मौनीचं बोट धुनेवर होतं. पण आत्याच्या समोर अजून हजारो नावं उघडी होती आणि आत्या म्हणजे आत्या.

"श्रोतेहो," ती म्हणाली, "आज आपल्याकडे अख्खा बाजार पाहुणा आलाय. तुमची कंपनी इतकी वर्षं माझ्या यादीत नव्हती ना? माझी चूक नव्हती, यादी लहान होती. विचारा. आत्ता विचारा."

फोनने उडीच मारली. साहेबांनी उचलला. शिंप्याचा फोन होता. त्याची मुलगी दोऱ्याच्या गिरणीत कामाला, गिरणीचे चार शेअर तिला बक्षीस मिळालेले, ते वाढले की पडले हे बापाने कधी ऐकलंच नव्हतं. साहेबांनी नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि धावत येऊन आत्यापुढे ठेवलं. मौनीने शोधलं. "दोऱ्याची गिरणी," आत्याने वाचलं, "वर! आणि मुलीला म्हणावं, बाप काळजीत आहे, जरा घरी फोन करत जा." दुसरा फोन. तिसरा. निवृत्त पोस्टमास्तर, मग त्यांचीच बायको, नवऱ्याला न सांगता घेतलेल्या एका कंपनीसाठी. साहेब फोन आणि माइक यांच्यामध्ये चिठ्ठ्या घेऊन पळत होते, टक्कल घामाने चमकत होतं. सीडी त्यांनी कधीच टेबलावर टाकली होती आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला होता. चष्मा विसरलेले गृहस्थ दुसरा फोन घेऊन बसले. आतोबा रिसिव्हर धरून कुणाला तरी छत्री कंपनीत पैसे गुंतवायचा सल्ला देत होते, तो त्यांच्या हातून काढून घ्यावा लागला.

शेवटी सातच्या बातम्यांना मौनीने लाल दिवा घालवला तेव्हा आत्या खुर्चीवर मागे टेकली.

"ताई, एक बोलू का?" साहेब धापा टाकत म्हणाले.

"बोला."

"बंद भाव आजपासून एक तासाचा. रोज."

आत्याने पदराने चष्मा पुसला.

"आणि मुख्य कार्यालय? मंजुरी?"

"ती मी आणतो. जादा विनंत्यांचीही. उद्या सकाळी जाऊन त्यांच्या दारात बसतो. तुम्ही फक्त वाचा."

"वाचते की," आत्या म्हणाली. "मौनी, जपून ठेवलेलं उत्तर आहे ना? उद्याची तालीम आजच्या त्याच भावांवर करायची. कितीही वेळा. त्याला विनंती लागत नाही."

"बरं," मौनी म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो हसला.

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. न्हावी दुकानाबाहेर उभा होता, हातात वस्तरा, मागे अर्धी दाढी घेऊन एक गिऱ्हाईक.

"आत्याबाई, साबणाच्या कंपनीचं राहिलं ना!" तो म्हणाला. "फोन लागेचना."

आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली. मौनीने जपून ठेवलेला अख्खा बाजार निघताना तिच्या मोबाइलवर पाठवला होता, त्यात तिने साबण शोधला. तिने माइक नाही, लाल दिवा नाही, अशा भर रस्त्यात छाती भरून श्वास घेतला, आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकामागून एक उघडू लागल्या.